श्वासाची खूण

सन १९९४ च्या भाद्रपदातील एका ओलसर दुपारी, मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत, नीलिमा व्हायोलिनचा गज दुरुस्तीस घेऊन दुकानाची पायरी चढली. आणि आतून असा काही आर्त स्वर उमटला की तिच्या हातची छत्रीच निसटली.

"अगंबाई! कुणाचं बकरं अडकलंय आत?"

"बकरं न्हाई, म्याडम... बॅगपाईप हाय." एक उंच, सावळा तरुण संकोचाने उठून उभा राहिला. काखेत कातडी पिशवी, खांद्यावर तीन नळ्या. "पिशवी फाटलीया. ठिगळ लावाय आलोय."

तो धुळा, फौजेतला नाईक. माणदेशातील मेंढपाळ घराण्यात जन्मलेला, पलटणीच्या बँडमधील वादक, महिनाभराच्या रजेवर आलेला. स्कॉटलंडच्या डोंगरी नृत्यांच्या चाली त्याला ओव्यांइतक्याच मुखोद्गत होत्या. हे कळताच नीलिमाचे नेत्र चमकले. कारण तिच्या सांगलीच्या घरी एक वही वर्षानुवर्षे वाट पाहत पडली होती.

मायदेशी परतताना मिरजेच्या मिशन इस्पितळातील एका स्कॉटिश परिचारिकेने ती वही नीलिमाच्या वडिलांना, नानासोंना, दिली होती. तीत अशाच एका डोंगरी नृत्याच्या चालीवर बांधलेली चार वाद्यांची रचना होती. नानासोंचे भले थोरले चेलो, नीलिमा व तिचा भाऊ अमृत यांची व्हायोलिने... आणि चौथे वाद्य फुंकण्याचे. त्यालाच वादक मिळत नव्हता.

नीलिमाने त्याला सांगलीस बोलावले. पहिल्याच तालमीस धुळाने पिशवीत वारा भरला आणि भिंतीवरील तसबिरी थरथरल्या.

"अरे बाबा," नानासो कान झाकून म्हणाले, "हे घर आहे, परेडचं मैदान नव्हे!"

तेव्हा धुळाने सरावाची पिशवीविना वाजणारी बारीक नळी काढली. तिचा आवाज मृदू होता, थेट माळावरच्या पाव्यासारखा. नृत्याचा लंगडा ठेका भावंडांना साधेना, म्हणून त्याने धनगरी गजीनृत्याची पावले टाकून दाखविली. "आधी आखूड, मंग लांब. बुजल्याल्या मेंढरागत!"

परंतु स्वतः तो दरवेळी सुरुवात चुकत असे.

"तुम्ही थांबता कशाला, फौजीसाहेब?"

"बँडमास्तरावानी काठी कोण हलवणार? हुकमाबिगर कसं वाजवायचं?"

"इथं काठी नसते. मी मान उचलून श्वास घेते... तोच हुकूम. माझ्याकडे बघत राहायचं."

"बघतच ऱ्हायचं?"

"वाजवण्यापुरतं!"

"मंग अवघड हाय," तो हळूच म्हणाला. "बघाय लागलं की वाजवायचंच इसारतंय."

अमृत खोकला. नीलिमाने लगबगीने वहीचे पान उलटले — उलट्या बाजूस.

रचनेच्या प्रारंभी एक जुनी कविता होती. नीलिमाने ती मराठीत सांगितली. कळप घेऊन निघालेल्या मेंढपाळास नदीच्या उतारावर एक मुलगी विचारते, 'परत कधी येशील?' तो केवळ पावा वाजवीत पलीकडे जातो.

"इतकं गोड वाजवतो, आणि एक शब्द बोलत नाही," ती म्हणाली. "मूर्खच!"

धुळाने मान खाली घातली. "त्येला बी हुकूम मिळाला नसंल."

रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात प्रयोग झाला. नीलिमाने श्वास घेतला. चारही वाद्ये एकाच क्षणी बोलू लागली. त्या दिवशी धुळा चुकला नाही. मात्र टाळ्यांच्या गजरात तिने त्याच्याकडे पाहिले, तेव्हा त्याचे ओठ हलले आणि... मिटले.

दुसऱ्या दिवशी रजा संपली. मिरज स्थानकावर तो डब्याच्या पायरीशी उभा होता.

"लय शिकलो तुमच्याकडनं," तो म्हणाला.

"बस्स? इतकंच?"

तो नळीशी चाळा करीत राहिला. शिट्टी झाली. हा वेडा असाच निघून जाणार! आता विचारणार तरी काय...

तिने काहीच विचारले नाही. त्याच्या डोळ्यांत पाहत तिने मान उचलली, आणि खोल श्वास घेतला.

"नीलिमा, मला तू आवडतीस!" धुळा म्हणाला, आवाज इतका मोठा की हमालही वळून पाहू लागले. "आये-आबांस्नी घिऊन यिऊ का घरी? तुला मागाय?"

गाडी हलली. ती सोबत चालू लागली. डोळे भरले होते, ओठ हसत होते.

"कवा?" तिने त्याच्याच बोलीत विचारले.

"शिमग्याच्या आधी! आज पोचलो की रजेचा अर्ज टाकतो!"

गाडी दिसेनाशी झाल्यावर नीलिमा परत निघाली. तिची पावले नकळत पडत होती... आधी आखूड, मग लांब.