मोठा आकडा

आमच्या डेटा सेंटरमध्ये स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. शेकडो वायरी जिच्यात येऊन मिळतात ती चपटी पेटी. प्रत्येक पेटीत हाताने सेटिंग भरत बसलो तर जन्म जाईल, म्हणून एकीत भरायचं, ती बाकीच्यांना वाटते. बदल केला की तिचा आकडा एकाने वाढतो. ज्या पेटीचा आकडा मोठा, तिचं बाकीच्या निमूट ऐकतात आणि स्वतःजवळचं विसरून जातात. इतक्या बावळट असतात त्या.

म्हणूनच जुनी पेटी जोडण्याआधी तिचा आकडा शून्य करायचा. हे शिकवता शिकवता माझा घसा बसलाय.

"शून्य केलाय रे, डोळे झाकून जोड," भांडारवाले काका एक जुनी पेटी हातात देत म्हणाले. मी झक मारली आणि ऐकलं.

जोडली आणि चहूकडून फोन खणाणायला लागले. कपाटात धूळ खात पडलेल्या त्या पेटीचा आकडा आमच्याहून मोठा निघाला. कुणी वाढवला, देव जाणे. एकेक पेटी जुनं सेटिंग घेत चालली. ते माझी ठमी जन्मायच्या आधीचं होतं, तेव्हा तळमजल्यावर पाळणाघर नव्हतं, बॅटऱ्यांची खोली होती.

मी काकांच्या नावाने शिमगा करत धावलो. जुनी पेटी उपटून जमिनीवर टाकली. शेवटच्या रांगेतल्या एका पेटीपर्यंत जुनं सेटिंग पोचलं नव्हतं, तिला बाकीच्यांशी जोडणारी वायर काढली. एक तरी वाचली म्हणून हुश्श केलं.

मग पाळणाघराच्या ताईंना कॅमेरे बंद पडल्याचं सांगायला खाली गेलो. ठमी तिथेच असते दिवसभर.

दार उघडलं. आत बॅटऱ्या होत्या. रांगेने, गुणगुणत. जमिनीवर धूळ होती आणि तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

बायको याच इमारतीत स्वागतकक्षात बसते, तिच्याकडे गेलो.

"ठमी कुठाय?"

"कोण ठमी?"

"थट्टा नको गं. आपली मुलगी."

ती मान खाली घालून हळू आवाजात म्हणाली, "मूल नाही म्हणून लोक बोलतातच. आता तूही?"

मी वर पळालो. वाचलेल्या पेटीचा आकडा वाढवला, बाकीच्यांच्या पुढे नेला.

बाकीच्यांचा पाहिला. एकाने पुढे.

पुन्हा वाढवला. पुन्हा एकाने पुढे.

जुनी पेटी पायाशी पडली होती. तिला एकही वायर नव्हती.

वाचलेली पेटी मी अजून एकटी ठेवलीय. जोडली तर तीही विसरेल. "ती कशाला वेगळी? जोडून टाक," साहेब म्हणतात. मी उद्यावर ढकलतो, पण साहेबांचा धीर संपत आलाय.

त्या पेटीला एकच कॅमेरा जोडलेला आहे, पाळणाघराचा. संध्याकाळी मी स्क्रीन लावतो. बाकीची मुलं गेलेली असतात. ताई फोन कानाला लावून उभ्या असतात आणि माझा फोन वाजत नाही. ठमी बूट घालून दाराकडे बघत बसते.

ते बूट तिला आता घट्ट व्हायला लागलेत.