दुसरी रेघ

मी वजनकाटे तपासतो. कारखान्यांचे, दवाखान्यांचे, दुकानांचे काटे आमच्या प्रयोगशाळेत येतात. मी त्यांच्यावर प्रमाणित वजनं ठेवतो, फरक लिहितो आणि बरोबर असतील त्यांना कागदी सील लावून परत पाठवतो. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाला एक खोड लागते. कुठलंही माप दोनदा घ्यायचं, शक्यतो दोन वेगळ्या यंत्रांनी. बायको म्हणते, ताप आला तरी मी दोन थर्मामीटर लावीन. लावलेही आहेत.

सासरे दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आले. जन्मभर त्यांनी नकाशे काढले, हातानं आणि शाईनं. सासूबाई गेल्यावर बायकोनं हट्ट करून त्यांना आणलं. पहिले सहा महिने आमचं बोलणं हवापाण्यापलीकडे गेलं नाही. एका घरात दोन अबोल पुरुष म्हणजे तिला शिक्षाच होती. मग आम्हाला जिओकॅशिंग सापडलं.

खेळ साधा आहे. कोणीतरी एक डबी कुठेतरी लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश एका वेबसाइटवर टाकतं. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन ती शोधायची, आतल्या वहीत तारीख, वेळ आणि टोपणनाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवून यायचं. मिळत काहीच नाही. आम्ही दर रविवारी जायचो. सासरे नकाशा धरायचे आणि मी दोन जीपीएस बाळगायचो, नवा हातात आणि जुना पाठीवरच्या पिशवीत. दोघांत तीन-चार मीटरचा फरक पडायचा, तो मी टिपून ठेवायचो. चाललेली वाट ही यंत्रं साठवून ठेवतात. घरी कॉम्प्युटरला जोडली की नकाशावर तिची रेघ उमटते. सासरे त्या रेघा चष्मा पुसून पुसून बघायचे. "जावईबापू, आज हात चांगला चाललाय," असं म्हणायचे, जणू ती मीच काढली होती.

त्या रविवारी आम्ही शहराबाहेरच्या बंद पडलेल्या वीटभट्टीपाशी होतो. नवा जीपीएस म्हणत होता, पोचलात. जुना म्हणत होता, अजून चाळीस मीटर. डबी नव्यानं सांगितलेल्या जागी, चिमणीच्या बुडाशी सापडली. जुन्याची बॅटरी उतरली असेल म्हणून मी तो विषय सोडून दिला.

संध्याकाळी दोन्ही रेघा एकावर एक ठेवल्या. नव्याची रेघ आमची होती. जुन्याची तिच्या मागून, चाळीस मीटर अंतर ठेवून येत होती. यंत्र चुकतं तेव्हा रेघ एका बाजूला सरकते किंवा वेडीवाकडी उड्या मारते. ही तसं काही करत नव्हती. आम्ही डबा खायला ओट्यावर बसलो तेव्हा ती थांबली होती. आम्ही उठलो, तीही निघाली. भट्टीमागच्या तळ्याला आम्ही डावीकडून वळसा घातला होता. तिनं उजवीकडून घातला, आणि आम्ही येईपर्यंत पलीकडे सात मिनिटं उभी राहिली.

जुना जीपीएस त्या पूर्ण वेळ माझ्या पाठीवर होता.

सोमवारी मी तो प्रयोगशाळेच्या गच्चीवर, मोजून ठेवलेल्या खुणेवर दिवसभर ठेवला. फरक दोन मीटर. यंत्र ठणठणीत होतं. मग राहिला माणूस. जुना जीपीएस आठवडाभर सासऱ्यांच्या खोलीतल्या खुंटीवर असायचा आणि साठवलेल्या रेघा कॉम्प्युटरवर कशा पुसायच्या, बदलायच्या ते मीच त्यांना शिकवलं होतं. मी आडून आडून विचारलं. ते जरा जास्तच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, आपण त्याला हातही लावलेला नाही.

पुढच्या रविवारी अंतर पंचवीस मीटर होतं. त्या दिवशी मी चारदा मागं वळून पाहिलं. मोकळं माळरान, वाळलेलं गवत, दूरवर विजेचे खांब. पाचव्यांदा वळलो तर सासरेही मागं बघत होते. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही काही नसल्यासारखं केलं. जेवताना दोघंही ताटात बघत होतो. बायकोनं दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि बिनसलंय काय म्हणून विचारलं. काही नाही, असं आम्ही एकदमच म्हणालो.

मग मी एक गोष्ट केली, तिची मला आजही लाज वाटते. काट्यांना लावतो तसं कागदी सील जुन्या जीपीएसच्या झाकणावर आणि जोडणीच्या भोकावर लावलं, सही करून. ते तोडल्याशिवाय आत शिरता येत नाही. रविवारी निघताना सील शाबूत होतं, परत आल्यावर ते मीच तोडलं. अंतर बारा मीटर होतं.

बारा मीटर म्हणजे आमच्या घराच्या दोन टोकांहून थोडं जास्त. हाक मारावी लागत नाही, नुसतं बोललं तरी ऐकू येतं.

सासऱ्यांचं जाकीट खुर्चीवरून खाली पडलं होतं. मी उचललं तेव्हा आतल्या खिशात काहीतरी जड लागलं. एक जीपीएस होता, नवाकोरा. मला त्याचा पत्ताच नव्हता. सासरे दारात उभे होते.

"बसा," ते म्हणाले. "मला वाटलं, हे तुम्ही करताय."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. ते सांगत गेले. त्या रेघा मी मुद्दाम बनवतोय असं त्यांना वाटलं होतं. म्हाताऱ्याला भास होतात, तो मागं वळून वळून बघतो, असं एकदा मुलीच्या गळी उतरवलं की त्याला वृद्धाश्रमात पाठवणं सोपं जातं. म्हणून त्यांनी गुपचूप स्वतःचा जीपीएस घेतला होता आणि दोन रविवार माझ्या नकळत जवळ बाळगला होता.

मी सील दाखवलं. ते त्यांनी हातात घेतलं, सही वाचली आणि किंचित हसले. त्या क्षणी आमच्यातला संशय संपला. तो संपला नसता तर बरं झालं असतं, कारण आता संशय घ्यायला कोणीच उरलं नव्हतं.

आम्ही त्यांचा जीपीएस जोडला. त्याची रेघही आमची नव्हती. तीही मागून येत होती. दोन्ही मागच्या रेघा मी एकाच नकाशावर घेतल्या. त्या शेजारी-शेजारी चालत होत्या, मध्ये दीड मीटर. एक जरा पुढं जाऊन थांबायची, दुसरी तिला गाठायची. सासऱ्यांचा उजवा गुडघा दुखतो. चढावर मी असाच त्यांच्यासाठी थांबतो.

पुन्हा जायचं नाही, असं मी म्हणालो. एकदा जायचं आणि या वेळी यंत्रांवरची नजर हटवायची नाही, असं ते म्हणाले. नुसतं बसून राहणं त्यांना सोसलं नसतं. मलाही नाही.

जागा जवळची निवडली, घरापासून तासाभराच्या चालीवर असलेली जुनी पाण्याची टाकी. बायको परीक्षेचे पेपर तपासत बसली होती. अर्ध्या वाटेवर फरक पाच मीटर झाला. मग तीन, मग एक. टाकीच्या पायऱ्यांशी तिन्ही यंत्रं एकच आकडा दाखवू लागली, शेवटच्या अंकापर्यंत. इतक्या वर्षांत माझ्याकडच्या कुठल्याही दोन यंत्रांचं असं जुळलेलं नाही.

मी मागं पाहिलं नाही.

डबी तिसऱ्या पायरीखाली होती. सासऱ्यांनी वही उघडली. शेवटच्या नोंदीवर त्याच दिवसाची तारीख होती. नाव नव्हतं. पुढं वेळ, तीन वाजून चौदा मिनिटं. माझ्या घड्याळात तीन एकोणतीस झाले होते.

सासऱ्यांनी वही डोळ्यांजवळ नेली.

"हा चार माझा आहे," ते म्हणाले.

नकाशावर उंची लिहिणाऱ्या माणसाचा चार होता, वरून बंद, पाय सरळ. मी तो त्यांच्या हातचा शेकडो वेळा पाहिला आहे. त्यांनी वही मिटली आणि डबी जागेवर ठेवायचीही राहिली.

जुन्या जीपीएसवरचा ठिपका आता आमच्या पुढं होता. शंभर मीटर. तीनशे. सासऱ्यांचाही तेच सांगत होता. ते दोघे आमच्यापेक्षा भराभर चालत होते, आणि वाट घराकडची होती.

मी बायकोला फोन लावला. तिनं उचलला नाही. पेपर तपासताना ती फोन आवाज बंद करून ठेवते, हे मला माहीत होतं. तरी मी लावतच राहिलो. सासरे गुडघा धरून जवळजवळ धावत होते. मी थांबलो तर त्यांनी हातानंच पुढं जायची खूण केली. मी गेलो नाही.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं.

ती टेबलाशी बसली होती, लाल पेन हातात. मान वर न करता म्हणाली, "बाबा, आता परत चहा मिळणार नाही हं."

सासरे धापा टाकत तिच्याजवळ गेले. तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आम्ही कधी आलो?" त्यांनी विचारलं.

"आता थट्टा पुरे. सत्तावीस पेपर राहिलेत."

मी स्वयंपाकघरात गेलो. मोरीत दोन कप होते. मी त्यांतल्या एकाला हात लावला. कोमट होता.

परत आलो तेव्हा सासऱ्यांनी दोन्ही यंत्रं कॉम्प्युटरला जोडली होती. टाकीपासून निघालेल्या दोन रेघा, मध्ये दीड मीटर. आमच्या गल्लीत वळलेल्या, आमच्या दारातून आत आलेल्या. चार वाजून दोन मिनिटं. त्यापुढं मी नकाशा मोठा करत गेलो, आणखी मोठा, घर पूर्ण पडद्यावर मावेपर्यंत.

बाहेर जाणारी रेघ नव्हती.

सासरे उठले. त्यांनी घराचं दार सताड उघडलं, त्याला पायपुसणं लावून ठेवलं आणि माझ्याशेजारी येऊन बसले. आम्ही दोन्ही यंत्रांकडे बघत राहिलो. मागं बायकोच्या पेनाचा आवाज येत होता. पडद्यावर त्या दोघांच्या वेगाच्या जागी शून्य होतं. अर्ध्या तासानं पाहिलं, तरी शून्यच.