एक नंबरच्या चपला

बाळांनो, माझ्याबरोबर जरा डोळे मिटा. एक लांब व्हरांडा बघा. थंड शहाबादी फरशी. तिच्यावर ओळीने चपला मांडल्या आहेत, पण माणूस एकही नाही. माणसं समोर निंबाच्या सावलीत बसली आहेत. साल १९८६, गिरणेकाठचा एक सरकारी दवाखाना, भडगावपासून जवळच. मुलांचे डॉक्टर मंगळवारीच यायचे आणि बाराच्या एसटीने जळगावला परतायचे. तेवढ्या वेळात तीस पोरं तपासून व्हायची. ज्याला दुखतं त्याच्याच चपला रांगेत ठेवायच्या, असा रिवाज होता. दुसऱ्याच्या चपलेला कोणी हात लावत नसे.

दहा वर्षांची कौतिक अनवाणीच आली होती. नव्या चपला तिच्या भावाच्या होत्या, पाच वर्षांच्या वनाच्या. त्याची छाती महिनाभर शिट्टीसारखी वाजत होती. आईची कड त्याची, मोसंबी त्याची, कपाळावरचा हातही त्याचाच. कौतिकनेही एकदा खोकून पाहिलं होतं. आई म्हणाली, "काय वं, मिरची लागनी का?"

दोन मंगळवार ते तसेच परतले होते. आज वनाचे ओठ निळसर दिसत होते, आणि त्याच्या चपला एकतिसाव्या होत्या.

पहिल्या जागी मात्र लाल चपलांचा लहानसा जोड होता. डाव्या पट्ट्याला पांढरा दोरा बांधलेला. मागच्या दोन्ही मंगळवारी तो तिथेच होता. झाडणारी सुंदरबाई त्याच्या भोवतीने झाडू फिरवायची.

"आजी, ह्या कोणाच्या?"

"हात नको लावू, माय. तो नंबर लागेल शे. तीन वर्सथून. तिनी पाळी येवाना पहिलेच एसटी निंघी गयी."

डॉक्टर आले, की कंपाउंडर सुकदेव ओरडायचा, "एक नंबर!" कोणी उठायचं नाही. तरी तो दार धरून उभा राहायचा, एखादं पोर आत जाईल इतका वेळ. मग दार लावायचा. एक पोर तपासायला लागतो तेवढ्या वेळाने दार पुन्हा उघडायचं. "दोन नंबर!"

कौतिकने लाल चपलांकडे रोखून पाहिलं. वनाला निदान आजार तरी होता. ही कोण, जी येत नाही, रडत नाही, तरी दर मंगळवारी पहिली?

डॉक्टरांची एसटी फाटकाशी थांबली. सगळ्या माना तिकडे वळल्या. कौतिकने लाल चपला उचलल्या. गार होत्या. त्या तिने रांगेच्या शेवटी ठेवल्या, आणि वनाच्या चपला पहिल्या जागी.

"एक नंबर!"

सुकदेवने चपला पाहिल्या. तो क्षणभर अडखळला. "चला, बाई," एवढंच म्हणाला.

आई वनाला घेऊन धावली. इंजेक्शन झालं, नळी लागली. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली तेव्हा वनाची छाती वाजत नव्हती. "मना हिरा!" म्हणत तिने त्याचे पटापट मुके घेतले. मग काय वाटलं कोण जाणे, पिशवीतली मोसंबी काढून तिने कौतिकच्या हातावर ठेवली. आख्खी.

"तीस झाले!" सुकदेवने दाराला कडी घातली. "बाकीचे पुढल्या मंगळवारी."

व्हरांडा रिकामा झाला. लाल चपला तेवढ्या उरल्या.

तेव्हा बाकावर कोणीतरी खोकलं.

बाकावर कोणी नव्हतं. खोकला लहानसा होता. कोणीतरी आपल्याकडे पाहावं म्हणून खोकतात, तसा. कौतिकला तो ओळखीचा वाटला.

ती चपलांपाशी गेली. उचलल्या. आता त्या आतून गरम होत्या. ताप चढलेल्या अंगासारख्या.

तिने त्या पहिल्या जागी नेल्या. टोकं दाराकडे केली. शेजारी मोसंबी ठेवली आणि आईमागे धावली.

"मोसंबी कोठे शे?"

"दिधी."

"कोनले वं?"

कौतिकने आईचा पदर धरला. मागून, रिकाम्या व्हरांड्यातून, नुकत्याच सोललेल्या मोसंबीचा वास आला.

तिने वळून पाहिलं नाही. आईचा पदर सोडला, हात मागे नेला आणि पंजा उघडा ठेवला. फाटकातून बाहेर पडताना तिने तो अलगद मिटला, कोणाचा हात धरतात तसा.