बोट न दाबता

अंगावर पाजणाऱ्या आईला हल्ली कुठलंही औषध छायाबाळावर पारखल्याशिवाय मिळत नसे. छायाबाळ म्हणजे संगणकात जगणारं तान्हं शरीर. एका नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्तावरून त्याचं हृदय, यकृत, श्वास, सगळं बेतलेलं होतं. ते घडवलं होतं सुलभा रेगे यांनी.

आज त्यांच्यासमोर बाळाला मांडीवर घेऊन केतकी बसली होती. तिला काचबिंदूचे थेंब हवे होते. शेजारी तिचे वडील, नेत्रतज्ज्ञ डॉ. टिल्लू. सुलभाताईंनी त्यांना पाहताक्षणी ओळखलं. त्यांनी मात्र सुलभाताईंना ओळखलं नाही.

"मॅडम, डोळ्यातला थेंब दुधात कसा जाईल? बाबा तर हसतात."

"हसतातच ते. अगं, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून थेंब नाकात उतरतो. तिथून थेट रक्तात, मग दुधात. यकृताची चाळणी मध्ये लागतच नाही."

"नगण्य असतं हो ते," टिल्लू म्हणाले.

"बघूया की."

केतकीच्या दुधातून उतरेल तेवढी मात्रा त्यांनी छायाबाळाला दिली. पडद्यावर ठोके मंदावले. श्वास अडखळला. इवले ओठ निळे पडू लागले. केतकीनं आपल्या बाळाला छातीशी ओढलं.

"बंद करा ते!" टिल्लू ओरडले.

"नगण्य आहे ना, डॉक्टर? बसा."

रेघ सपाट होईपर्यंत सुलभाताई पडद्याकडे नाही, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी चाचणी पुन्हा लावली. या वेळी ठोके स्थिर राहिले.

"आता काय बदललं?" केतकीनं विचारलं.

"थेंब टाकल्यावर डोळ्याचा आतला कोपरा बोटानं दाबून धरायचा. नाकाची वाट बंद. तुझ्या थेंबांना तेवढं पुरतं."

"एवढंच?"

"एवढंच. असेच थेंब मला दिलेत, डॉक्टर, तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं."

टिल्लूंचा चेहरा उतरला. "रेगे... तुमचा मुलगा..."

"बारशाआधीच गेला. त्याच्या टाचेचं रक्त तेवढं राहिलं होतं."

केतकी पडद्याकडे बघत राहिली. "म्हणजे हा तोच? मग बोट दाबून एकदाच बघितलं असतं तर चाललं नसतं?"

चाललं असतं. पण डोळ्याच्या थेंबांची पहिली चाचणी बोट न दाबता करायची आणि डॉक्टरांनी ती शेवटपर्यंत बघायची, हा नियम सुलभाताईंनीच देशभर लावून घेतला होता.

"त्याला किती वेळा मारलंत, मॅडम?"

सुलभाताई आता पडद्याकडे वळल्या. पडद्यावर बाळ पुन्हा शांत श्वास घेत होतं. कुठल्याशा गावातल्या पुढच्या आईसाठी त्याच्यावर पहिली चाचणी सुरू होत होती.