मागच्या सीटवर

भुतं सकाळच्या उजेडात फिरत नाहीत असं तुम्हाला वाटत असेल, तर खुशाल वाटू द्या. ठमीलाही तसंच वाटायचं.

ठमी म्हणजे त्या घरची एकुलती एक लेक. चाळिशी उलटली, दूरच्या शहरात मोठ्या हुद्द्यावर, पण बाबांच्या तोंडी अजून ठमीच. आई गेली तेव्हा तिला धड राहता आलं नव्हतं. नीट सवड काढून आली ती थेट कितीतरी महिन्यांनी. बाबा त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. दोन शब्द रागाचे बोलले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं. सकाळी ते एवढंच म्हणाले, "चल, पाण्याकाठी फेरी मारून येऊ. आज पुढे तू बस."

सायकल दोघांची होती. दोन सीटा, दोन हँडलं, पण पॅडलं एकमेकांना जोडलेली. एकाचा पाय फिरला की दुसऱ्याचाही फिरणारच. आईची नजर गेली तेव्हा बाबांनी ती हौसेनं आणली. वाऱ्यात मागच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून खुणा ठरल्या. मागच्यानं पाठीवर थाप मारली की समजायचं, बसले, निघ. पुढच्यानं मात्र ओरडून सांगायचं: खड्डा, वळण, चढ.

बाबा फाटकाची कडी लावायला गेले. ठमी एक पाय जमिनीवर टेकवून थांबली. पाठीवर थाप पडली आणि ती निघाली.

धुकं होतं. धक्क्यावरचे दिवे अजून जळत होते. लांब कुठेतरी बोटीचा भोंगा वाजे आणि बराच वेळ विरत राही. डिझेलचा, शेवाळाचा, ओल्या दोरखंडांचा वास नाकात भरला होता. घाई कसलीच नव्हती. पुलाचा चढ तर कधी संपला तेही कळलं नाही.

"बाबा, अजून दम आहे हं तुमच्यात!"

उत्तर आलं नाही. म्हणाले असतील काहीतरी, गेलं वाऱ्यावर.

"खड्डा!" ती ओरडली. मागची सीट करकरली. कुणीतरी अलगद उचललं गेलं, पुन्हा टेकलं. मग गुडघ्याच्या मलमाचा उग्र वास आला. आईचा वास. बाबाही आता आईचंच मलम लावतात वाटतं.

पाठमोरं बोलायला सोपं जातं, समोर तोंड नसतं. तिच्यानं राहवलं नाही.

"बाबा… शेवटच्या फोनवर आई काहीतरी सांगत होती हो. मी म्हटलं, दुसरा फोन येतोय, मग बोलू. मग कसलं बोलणं आणि कसलं काय! तुम्हाला म्हणाली का काही? काय सांगायचं होतं तिला?"

पॅडलं मंदावली. मागून कुणीतरी पुढे वाकलं. पाठीवर अख्खा तळवा टेकला, गार. कानाशी श्वास आला.

"अगं… एवढंच…"

बाईचा की पुरुषाचा, कळू नये असा आवाज. आणि त्याच वेळी तिच्या खिशातला फोन वाजला.

ऑफिसचा होता. मेली सवय! ठमीनं ब्रेक दाबला. पाठीवर थापांवर थापा पडू लागल्या, घाईच्या, कळवळून मारलेल्या.

"एक मिनिट हो बाबा!" म्हणत तिनं फोन कानाला लावला. बोलणं संपलं तेव्हा थापाही थांबल्या होत्या. ती वळली. सीट रिकामी होती. धक्क्यावर दोन्हीकडे चिटपाखरू नव्हतं.

बाबा पडले की काय! हाका मारत ती आल्या वाटेनं उलट फिरली, ती थेट घरापर्यंत. बाबा पायरीवर बसले होते, हेल्मेट मांडीवर घेऊन.

"बाबा! तुम्ही उतरलात कधी?"

"मी बसलोच कुठे? कडी लावून वळलो, तर तुम्ही निघाला होतात."

"तुम्ही… म्हणजे?"

"हाक मारणार होतो. म्हटलं जाऊ दे, माय-लेकींचं राहिलेलं बोलणं होऊन जाईल." ते हसले. मग त्यांची नजर मागच्या सीटवर गेली. "ठमे… तिला कुठे सोडलंस?"

ठमीनं धक्क्याकडे बोट दाखवलं.

"रोज मी नेतो तिला, रोज परत आणतो. एकटीला वाट सापडायची नाही गं तिला…"

बाबा तसेच उठून धक्क्याकडे धावत सुटले.

आई सापडली नाही. ठमीनं रजा वाढवली, मग नोकरीच सोडली. आता फोन घरी ठेवून ती रोज सकाळी निघते. मागे कुणी नसताना ओरडत जाते, खड्डा, वळण, चढ, आणि मध्येच थांबून पाठ ताठ करून वाट बघते. तिच्या पाठीवर पुन्हा थाप पडली नाही.

इतरांच्या मात्र पडायची. धुकं असलं की मागून कुणीतरी हळूच थाप मारायचं, वळावं तर कुणी नाही. फिरायला येणाऱ्या एका बाईला तर कानाशी विचारलंन, "ठमी, तूच का गं?"

बाई घाबरली. घाबरून तिच्या तोंडून निघून गेलं, "हो."

त्या दिवसापासून धक्क्यावर कुणाच्याच पाठीवर थाप पडलेली नाही. आणि ती बाईही पुन्हा फिरायला आलेली नाही.