बाफोची हद्द

त्या सकाळी मी जर्दाळूच्या मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत कुत्र्याची लघवी घेऊन बांधावर बसची वाट बघत उभी होते. बरणी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवली होती आणि कुणी विचारलंच तर काय सांगायचं, ते मनात जुळवत होते. पण विचारायला होतंच कोण? नोव्हेंबरात आमच्या खाजणांवर धुकं उतरलं की ते दिवसचे दिवस उठत नाही. बांध दिसत नाही, पाणी दिसत नाही. मधेच एखादं बदक ओरडतं, तेही झोपेत ओरडल्यासारखं. पो नदी समुद्राला मिळते त्या या टोकाला जन्मल्यामुळे मला त्याची भीती कधी वाटली नव्हती. उलट बरं वाटायचं, कुणीतरी अंगावर पांघरूण टाकल्यासारखं.

बाफो म्हणजे मिशाळ. तपकिरी कुरळ्या केसांचा, पाण्यात पडलेली बदकं उचलून आणणाऱ्या जातीचा आमचा कुत्रा. वय नऊ. घरात घाण करणं त्याला पिल्लू असतानापासूनच ठाऊक नव्हतं. एकदा आम्ही नणंदेच्या मुलीच्या लग्नाला गेलो आणि पुरामुळे अडकून दुसऱ्या दिवशी परतलो. दार उघडल्यावर तो आधी अंगणातल्या झाडाकडे धावला आणि मग त्याने आमच्या अंगावर उड्या मारल्या. असा कुत्रा. आणि तोच आता घरात मुतत होता.

सुरुवात पुढच्या दारापासून झाली. सकाळी खाली आले तर चौकटीला आतून ओला ओघळ. मी व्हिनेगरच्या पाण्याने पुसून काढला. दोन-तीन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या पायाला तसाच डाग, आणि दाराशी चक्क थारोळं.

"म्हातारा झालाय," जेल्मीनो, माझा नवरा, म्हणाला. "माझंही आता तसंच होतं. मला कुठे नेतेस दाखवायला?"

"तुला ठेवून घ्यायला कोण तयार होणार?" मी म्हटलं. तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा हसला असेल.

गुरांची डॉक्टरीण तरुण होती, मला मावशी म्हणायची. तिने बरणीतली लघवी तपासली. आदल्याच आठवड्यात बाफोचं पोट दाबून, रक्त काढून झालं होतं. साखर नाही, जंतू नाहीत, मूत्रपिंडं ठणठणीत. मग तिने मला बसवून विचारलं, की तो नेमका कसा करतो, बसून की तंगडी वर करून, थोडं की भरपूर. मी सांगितलं, डाग असतात ते थोडे आणि उभ्या लाकडावर. थारोळं मात्र भरपूर असतं. त्यावर ती जरा गोंधळली.

"मावशी, उभ्यावर थोडंथोडं करतो ते लघवी उरकणं नसतं," ती म्हणाली. "ते हद्द आखणं असतं. इथून पुढे माझं, असं. घरात कुणी नवीन आलंय का? मांजर, पाहुणा?"

नवीन कुणी नव्हतं. उलट एक माणूस कमी झालं होतं. जेल्मीनोचा धाकटा भाऊ नेव्हिओ. त्याने लग्न केलं नाही, माझ्या लग्नापासून तो आमच्याच घरात वरच्या खोलीत राहायचा. गेल्या वर्षी याच धुक्यात वाम माशांचे सापळे बघायला होडी घेऊन गेला. तो परत आला नाही, होडीही नाही. बाफो त्याच्यावर जीव टाकायचा. कितीतरी दिवस तो धक्क्यावर पाण्याकडे तोंड करून बसे. उचलून आणावा लागे.

तिने डाग पुसायला एक बाटली दिली, वासाचा मागमूस राहू देऊ नका म्हणाली. रागावू नका, नाक घासू नका, वरचेवर बाहेर न्या. मी सगळं केलं. बाहेर नेला की बाफो दाराबाहेर मुकाट्याने सगळं उरकायचा आणि धुक्याकडे पाठ करून घाईघाईने आत पळायचा. घर मी असं घासलं की वासाचा कणही राहिला नाही. आणि जसजशी मी पुसत गेले, तसतसे डाग आत सरकत गेले. खुर्चीवरून चुलीच्या कोपऱ्याला, तिथून जिन्याच्या कठड्याच्या खांबाला. वर आमची झोपायची खोली.

एका सकाळी जिन्यापाशी गुडघे टेकून पुसताना माझ्या ध्यानात आलं, ते इतके दिवस कसं आलं नाही कोण जाणे. खांबावर डाग होता. डागाच्या अलीकडे, पायऱ्यांकडे, फरशी कोरडी होती. पलीकडे, दाराच्या बाजूला, थारोळं. त्याची कड सुरीने कापल्यासारखी डागापाशी थांबलेली. मी फडकं नाकाशी नेलं. कुत्र्याच्या लघवीचा वास मला अंधारातही ओळखू येईल. हा तो नव्हता. हा ओहोटीच्या चिखलाचा वास होता, शेवाळ, शिंपले आणि त्याखाली काहीतरी गोडसर.

मी जेल्मीनोला हाक मारली. त्याने थारोळ्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मला वाटलं घाबरेल. पण तो लहान मुलासारखा उजळला.

"खारं आहे..." तो म्हणाला. "नेव्हिओ आहे गं. घरी यायला बघतोय, आणि हा कुत्रा त्याला येऊ देत नाही."

मी म्हटलं, जेवायला बस. त्या दिवशी आम्ही ताटातला मक्याचा पोलेंता तसाच गार होऊ दिला. तो सांगत होता की बुडालेल्या माणसाला वाट सापडत नाही, सापडली तर अडवू नये, मी ते डाग पुसते आहे हे चांगलंच करते आहे. मी ऐकत होते. भावासाठी वर्षभर झुरलेल्या माणसाला तोडून काय बोलायचं? पण बाफो टेबलाखाली माझ्या पायांवर पडून थरथरत होता.

"जेल्मीनो," मी शेवटी म्हटलं, "नेव्हिओ असता तर बाफो शेपटी हलवत गेला असता."

तो उठला, बाफोच्या गळ्यात दोरी घातली आणि त्याला अंगणापलीकडच्या जाळ्यांच्या शेडमध्ये नेऊन बांधलं. परत येऊन माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि जिन्याचा खांब स्वतः पुसला. मग मला म्हणाला, तू थोडा वेळ शेजारी जाऊन ये.

दुपारच होती, पण दिवा लावावा इतपत अंधारून आलं होतं. मी शेजारी गेले नाही. अंगणात धुक्यात उभी राहिले. आपलंच घर, आणि खिडकीतला दिवा दूरच्या होडीवरचा वाटत होता, किंचित हलणारा. सगळं फार शांत होतं, गोड गुंगी यावी तसं. मला खरोखरच वाटलं, आपण उगीच घाबरतो आहोत, आत जाऊन सगळ्यांसाठी कॉफी टाकावी. सगळ्यांसाठी, असंच मनात आलं. तिघांसाठी.

मग आतून जेल्मीनोचा आवाज आला. हळू, समजुतीचा. तो बोलायचा, थांबायचा, पुन्हा बोलायचा. मधल्या थांबण्यात मला काही ऐकू येत नव्हतं. फक्त थेंब पडल्यासारखं... पण फरशीवर नाही, पाण्यात.

मी शेडकडे गेले. बाफो भुंकत नव्हता. दोरी ताणून, डोळे दारावर लावून उभा होता. गाठ सुटेना, बोटं गारठलेली. शेवटी मी जाळ्याची सुरी घेऊन दोरी कापली.

तो धावला नाही. माझ्यापुढे चालत, एखादं नेहमीचं काम करायला निघाल्यासारखा घरात शिरला. जेल्मीनो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. पाणी त्याच्या पायांपर्यंत आलं होतं, लोकरी मोजे भिजून काळे झाले होते. समोर कुणी नव्हतं. पण त्याची नजर उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर होती आणि ओठ काहीतरी सांगायला उघडलेले होते. बाफो कडेकडेने पायरीपर्यंत गेला, एकदा त्या मोकळ्या जागेकडे बघितलं, आणि तंगडी वर करून जेल्मीनोच्या पायावर मुतला.

जेल्मीनो दचकला. खाली बघितलं, मग माझ्याकडे. आणि त्याला रडू फुटलं, हुंदक्यांनी, प्रेत न मिळाल्यामुळे वर्षभर अडून राहिलेलं रडू. मी त्याच्याजवळ बसले. फरशीवरचं पाणी हलत होतं. दाराकडे, उतार नसताना.

त्या दिवशी मी काही पुसलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. घराला वास येत होता, आणि आम्ही त्यातच जेवलो, झोपलो. मग वारा सुटला, धुकं उठलं. एका सकाळी बाफो दाराशी जाऊन नेहमीसारखा खरवडायला लागला. सोडला तर अंगणातल्या झाडाशी गेला. त्यानंतर त्याने घरात कधी घाण केली नाही.

वसंतात नेव्हिओ सापडला. समुद्राकडच्या एका वाळूच्या बेटावर बदकं मारणाऱ्यांची बोरूची झोपडी आहे, मालक वारल्यापासून बंद पडलेली. होडी बोरूत ओढून ठेवलेली, आणि आत बाजेवर हा, घोंगडं हनुवटीपर्यंत घेऊन. धुक्यात वाट चुकून तिथे आसऱ्याला गेला असणार. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, झोपेत हृदय थांबलं असावं. त्रास झाला नाही. पाण्यात तो पडलाच नव्हता. बुटांत गाळाचा कणही नव्हता.

पुरून आलो त्या संध्याकाळी आम्ही दोघं चुलीपाशी बसलो होतो. जेल्मीनो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होता.

"त्या दिवशी ते माझ्याशी बोललं," तो म्हणाला. "आवाज त्याचाच होता. मला काही शंका आली नाही. फक्त एक गोष्ट तेव्हाही खटकली..."

"काय?"

"त्याने तुझं नाव विचारलं."

नेव्हिओ माझ्या हातचं तीस वर्षं जेवला होता. दिवसातून वीसदा मला नावाने हाक मारायचा.

"मग?" मी विचारलं. "सांगितलंस?"

जेल्मीनोने चुलीत लाकूड सरकवलं. मग उठला आणि अजून उजेड असूनही खिडकीचं दार लावून घेतलं.