ऊन रग्गड, वीज गायब!

"ताई, बॅटरी आणखी उतरली!" गाडीच्या भिंतीवरच्या मीटरला नाक लावून चष्मिश ओरडला. "बाहेर एवढं रणरणतं ऊन, आणि टपावरून येणाऱ्या विजेचा आकडा बघ. शून्य! असं कसं होईल?"

"हळू बोल ना! आजोबा ऐकतायत," ताईने दटावलं.

आजोबा खरंच ऐकत होते. कॅराव्हॅनमधल्या, म्हणजे त्या चाकांवरच्या घरातल्या, अरुंद पलंगावर उशांना टेकून ते बसले होते. नाकाला नळी आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं यंत्र. त्यांची फुप्फुसं पार थकली होती. यंत्र चालू तोवर श्वास चालू, इतका सरळ मामला! यंत्र चालायचं गाडीतल्या बॅटरीवर आणि बॅटरी भरायची टपावरच्या दोन सोलर पॅनेलांवर.

ती पॅनेलं काकांनी स्वतः बसवली होती. "कारागीर कशाला? माझे हात काय मोडलेत?" असं म्हणत एका संध्याकाळी त्यांनी घाईघाईने काम उरकलं होतं. "दादा, सोबत एखादा ऑक्सिजनचा सिलिंडर असू दे रे," असं आत्या म्हणाली, तर काका खो खो हसले. "डोक्यावर सूर्य असताना सिलिंडर? काहीतरीच तुझं!" काकांपुढे बोलणार कोण? ते म्हणतील ती पूर्व दिशा!

झालं, स्वारी सुट्टीला निघाली. ताई, चष्मिश आणि टिंगी ही तिघं भावंडं, काका, आत्या आणि आजोबा. आजोबांना एकदा डोळे भरून समुद्र पाहायचा होता. आणि आज सकाळी या उजाड माळावर इंजिनाने मान टाकली. फोनला रेंज नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. काका मदत आणायला पायी गेले, त्यांचा अजून पत्ता नव्हता.

टिट्... टिट्... यंत्र वाजायला लागलं.

"बॅटरी संपत आली की ते असं वाजतं," आत्या म्हणाली. "आता काय करू मी?"

"पॅनेलांवर धूळ बसली असेल," ताई म्हणाली. "टिंगे, चढ वर!"

टिंगी सगळ्यांत धाकटी. अंगाने काडी, पण चढण्यात माकडाची सख्खी बहीण! मागच्या शिडीवरून ती सरसर वर गेली. ओल्या फडक्याने तिने पॅनेलं लख्ख पुसली.

"आला का आकडा?" तिने वरून विचारलं.

"नाही!"

"एखादी वायर सुटलीय का बघ!" ताई खालून म्हणाली.

"छे! पाणी गळू नये म्हणून सगळीकडे काकांनी ते चिकट सीलंट थापलंय. दाढीच्या साबणासारखं!"

"टिंगे, विनोद पुरे!"

तेवढ्यात टिंगीचा पाय घसरला. तोल सावरायला तिने हवेच्या झरोक्याचं उभं झाकण धरलं, आणि ते धाडकन मिटलं.

"आला!" आतून चष्मिश किंचाळला. "आकडा आला! काय केलंस?"

"काही नाही रे, झाकण पडलं. थांब, उघडते."

"गेला! परत शून्य!"

टिंगी बघतच राहिली. झाकण उभं राहताच त्याची सावली शेजारच्या पॅनेलवर आडवी पडली होती. "ताई! सावली! झाकणाची सावली पडतेय!"

"एवढ्याशा सावलीने काय होतंय?" आत्या म्हणाली.

"होतं, आत्या!" चष्मिश म्हणाला. "दोन्ही पॅनेलं एकापुढे एक जोडलीत. पाण्याची नळी मध्येच दाबली की पुढे थेंब येत नाही ना, तसं! कालही दुपारी हेच झालं. आजोबांना कोंडल्यासारखं झालं, आपण झाकण उघडलं आणि बॅटरी उतरली. काका म्हणाले, बॅटरी नवीन आहे, नखरे करते!"

आजोबांना हवा मिळावी म्हणून उघडलेलं झाकणच त्यांचा श्वास तोडत होतं.

"मिट! मिट ते झाकण!" आत्या ओरडली.

टिंगीने मिटलं. पण काही क्षणांत गाडीची भट्टी झाली. दार-खिडक्या सताड उघड्या होत्या, तरी वारा पडलेला. आजोबांची छाती भात्यासारखी हलायला लागली. त्यांनी हाताने वर खूण केली. उघडा.

"बाहेर नेऊ या त्यांना?" चष्मिशने विचारलं.

"उठवलं तरी धाप लागते रे. आणि बाहेर सावली आहे कुठे?" आत्याला रडू फुटलं. "उघडलं तर यंत्र बंद, मिटलं तर घुसमट!"

गाडी नुसती वळवता आली असती तरी भागलं असतं. पण इंजिन मेलेलं!

ताई ताडकन उठली. "झाकण नकोच आपल्याला! काढूनच टाकू!"

"काकांना न विचारता?" चष्मिश दचकला. "एका स्क्रूला हात लावलात तर तंगडी तोडीन म्हणालेत!"

"तोडू देत. दोन आहेत!"

काकांच्या पेटीतला स्क्रूड्रायव्हर आणि भाजीची सुरी घेऊन ताई वर गेली. टप तव्यासारखा तापला होता. ओला टॉवेल अंथरून दोघी गुडघ्यांवर बसल्या. बिजागऱ्यांचे स्क्रू दगडासारख्या घट्ट सीलंटखाली गाडले गेले होते. टिंगी सुरीने खरवडत होती, ताई स्क्रू पिळत होती. तळहाताला फोड आले, फुटले. खाली यंत्राचा आवाज भराभर व्हायला लागला.

"ताई, लवकर!" ताटाने वारा घालणाऱ्या चष्मिशचा आवाज चिरकला. "आजोबांचे ओठ निळे पडलेत!"

शेवटचा स्क्रू काही केल्या हलेना. टिंगी हमसून रडायला लागली.

"रडू नकोस, ओढ!" ताई ओरडली. दोघींनी झाकण धरलं आणि सगळा जीव लावून हिसका दिला. कडाड! बिजागरी तुटली, झाकण खाली जाऊन आपटलं.

"आकडा?"

"आला! पण यंत्र वाजतंय अजून!"

ते वाजत राहिलं. आणि मग एकाएकी थांबलं. दोघींना झरोक्यातून खाली बघायचा धीर होईना.

"चष्मिश?" ताईने हाक मारली. "अरे, बोल ना रे!"

"चाललंय!" तो हुंदके देत म्हणाला. "यंत्र चाललंय गं! नुसती त्याची बोंब थांबलीय!"

उन्हं कलता कलता काका बंद गाड्या ओढणारी टोइंगची गाडी घेऊन आले. आल्या आल्या त्यांना जमिनीवर पडलेलं झाकण दिसलं.

"कुणी तोडलं हे? मी काय सांगून गेलो होतो?"

"दादा, आधी आत ये. बाबांकडे बघ," आत्या म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं.

काका टपावर चढले. बराच वेळ त्यांनी झरोका आणि पॅनेल यांच्यातलं वीतभर अंतर न्याहाळलं. खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पडला होता. "पॅनेलं बसवल्यावर एकदा दुपारच्या उन्हात झाकण उघडून बघायला काय झालं होतं मला?" ते पायरीवर मटकन बसले. "पोरांनो, तुम्ही नसता तर..."

"इकडे... या," आतून आजोबांची हाक आली.

"बाबा, बोलू नका ना," आत्या म्हणाली. "एकेका शब्दाला धाप लागतेय तुम्हाला."

"लागू दे."

त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवला, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "शाब्बास!" मग डोळे मिटून थोडं थांबले. पुन्हा तेवढाच मोठा श्वास घेतला आणि चष्मिशला शाब्बास म्हणाले. टिंगीची पाळी आली तेव्हा त्यांना बराच वेळ थांबावं लागलं. पण तिची शाब्बासकी सगळ्यांत मोठ्याने आली.